कडी दाबून बघा

माझा स्वभाव तापट आहे हे मला कुणी नव्याने सांगायला नको. सकाळपासून बेकरीच्या भट्टीपुढे उभी असते, तापणारच. पण त्या रविवारी मी भिंतीवरून खाली उतरले, आमच्या यांच्या पट्ट्यावरची कडी पाहिली, आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. नंतर फुटला, तेव्हा शेडमधली झाडून सगळी माणसं वळून बघायला लागली.

आधी भिंतीचं सांगते. एका जुन्या शीतगृहाची शेड आहे. आत छतापर्यंत लाकडी फळ्यांची भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी प्लास्टिकचे खडे ठोकलेले. ते धरून वर चढायचं. हा नाद आमच्या लेकीचा. तिने 'जरा हालचाल करा' म्हणून आम्हा दोघांना ओढत तिथे नेलं आणि पुढे नोकरी लागल्यावर स्वतः दुसऱ्या गावी निघून गेली. लेक सुटली, आम्ही अडकलो. आमचे हे सिटी बसचे ड्रायव्हर, दिवसभर बसून पोट सुटलेलं. मी दिवसभर पिठाचे गोळे आपटणारी, माझे दंड पैलवानासारखे. त्यामुळे चढायचं काम माझ्याकडे आलं आणि दोर धरायचं यांच्याकडे. तसे हेही चढतात, पण अर्ध्यावर पोचले की 'इथूनच छान दिसतंय' म्हणतात आणि उतरतात.

दोर माझ्या कमरेच्या पट्ट्यापासून वर जातो, छताजवळून वळसा घेऊन खाली यांच्याकडे येतो. यांच्या पट्ट्याला एक जाड कडी असते. तिचं नाव कॅराबिनर, पण आम्ही कडीच म्हणतो. त्या कडीत दोर अडवायचं एक छोटं यंत्र अडकवलेलं. मी वरून सुटले तर माझं सगळं वजन शेवटी त्या एका कडीवर येतं. कडीची एक बाजू दारासारखी आत उघडते, आणि ते दार चुकून उघडू नये म्हणून त्यावर आट्यांची एक नळी असते. ती शेवटपर्यंत फिरवली की कडी लॉक. फिरवायची राहिली तर नळीखाली एक लाल पट्टी दिसत राहते.

भिंत चालवणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची आहे, पण आवाज हेडबाईंचा, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणतात. तिचे दोन नियम. एक, दोरावर अहो-जाहो नाही, कारण वरून ओरडलेला लांब शब्द खाली पोचेपर्यंत माणूस पोचतो. म्हणजे घरी 'अहो, जरा सोडता का' म्हणणारी मी भिंतीवरून नवऱ्याला 'सोड!' म्हणून खेकसते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. दुसरा नियम, चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं तपासायचं. समोरच्याने माझ्या दोराच्या गाठीवरून बोट फिरवायचं, मी त्याच्या कडीचं दार दाबून बघायचं, उघडत नाही ना ते पाहायचं, आणि मग मोठ्याने म्हणायचं, 'बंद.'

सुरुवातीला आम्ही हे अगदी शाळेतल्या पोरांसारखं करायचो. मग दिवस गेले तसं मी नुसतं विचारायला लागले, "बंद?" आणि हे म्हणायला लागले, "बंद." घरातून निघताना मी 'गॅस बंद केला?' विचारते आणि हे 'केला' म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्या प्रश्नाचं उत्तर कुणी ऐकतं का? कुलूप लावता लावता विचारायचा प्रश्न तो.

तर त्या रविवारी मी छताला हात लावला, वर दोरावर आरामात बसले, हात झटकले, खाली बघून हसले आणि उतरले. बघते तर लाल पट्टी पूर्णच्या पूर्ण दिसत होती. नळी मुळी फिरवलेलीच नव्हती. एवढा वेळ मी एका लोटलेल्या दारावर लटकत होते.

"अहो, मारायचंच होतं तर घरी मारायचं!" मी ओरडले. "एवढ्या लोकांसमोर कशाला?"

यांनी कडीकडे पाहिलं आणि यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी फिरवली होती," हे म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, फिरवली."

घरी जाईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. लक्ष कुठे होतं, डोळे कुठे होते, बस चालवताना असंच करता का. एरवी हे एकाला दोन उत्तरं देतात. त्या दिवशी फक्त एकदा म्हणाले, "लक्ष होतं गं." तेच मला खटकलं, पण तापलेलं डोकं लगेच कुठे निवतं!

दुपारी मी बाहेरच्या खोलीत आले तेव्हा हे टेबलापाशी पाठमोरे बसले होते. समोर ती कडी. अंगठा आणि पहिलं बोट नळीवर ठेवून फिरवत होते. बोटं फिरत होती, नळी नाही. अंगठा तिच्यावरून नुसता घसरत होता, आणि यांना ते कळत नव्हतं. फिरवून झालं की वाकून बघायचे. लाल पट्टी तशीच. पुन्हा फिरवायचे. शेवटी यांनी नळी दातांत धरली आणि कडी फिरवली.

आणि एकेक गोष्ट समोर उभी राहायला लागली. हल्ली गोळ्यांचं पाकीट माझ्याकडे सरकवून 'तू काढ' म्हणतात. किल्ली मुठीत धरून फिरवतात. वर्तमानपत्राचं पान तळहाताने ढकलून उलटतात. हे सगळं मी बघत होते, आणि वय झालं म्हणून चिडवतही होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

हे दचकले. कडी तोंडातून काढली. "बरेच दिवस झाले."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू दोर दुसऱ्या कुणाला दिला असतास." कडी टेबलावर ठेवून म्हणाले, "आणि द्यायलाच हवा होतास. मला काय कळत नाही?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून एवढे दिवस गप्प बसले होते. मला ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? मी शेजारची खुर्ची ओढून बसले आणि यांचा अंगठा हातात घेतला.

डॉक्टरीणबाईंनी अंगठ्याच्या बुडाशी दाबलं तेव्हा हे खुर्चीतच उडाले. सांधा झिजलाय, म्हणाल्या, आणि बोटांच्या टोकांची जाणीवही कमी झाली आहे. मग स्वतःचा हात पुढे करून म्हणाल्या, "आवळा बघू." यांनी आवळला. "पुरे, पुरे!" बाई ओरडल्या आणि हात झटकत हसल्या. "मूठ शाबूत आहे तुमची. चिमटी गेली आहे." स्टिअरिंगला मूठ लागते, चिमटी लागत नाही, म्हणून कामावर काही अडलं नव्हतं. व्यायाम दिले, रात्री बांधायला पट्टी दिली, आणि पूर्वीसारखं होईल अशी आशा धरू नका, हेही सरळ सांगितलं.

पुढच्या रविवारी यांनी मला न विचारता मास्तरणीला सांगून टाकलं की आजपासून काकूंचा दोर दुसऱ्या कुणी धरावा. आणि बाकावर जाऊन बसले. माझा दोर आला एका दाढीवाल्या मुलाकडे. मुलगा चांगला होता, ताकदीचा, नम्र. मी त्याची कडी दाबून बघितली, पुन्हा बघितली, लाल पट्टी नाही याची खात्री केली आणि चढले.

वर पोचले. आता हात सोडून दोरावर बसायचं, की तो खाली सोडणार. हात सुटेनात. खालून तो म्हणतोय, "सोड! धरलंय मी!" मला ऐकू येतंय, पटतंयसुद्धा, पण बोटं त्या खड्याला चिकटली ती चिकटलीच. अखेर मी भिंतीवरून पालीसारखी एकेक खडा पायाने चाचपत खाली उतरले. माझ्याहून लहान पोरं रांगेत उभी राहून बघत होती.

"काकू, मी आजवर कुणाला पडू दिलेलं नाही," दाढीवाला बिचारा म्हणाला.

"तू नाही रे पडू देणार बाळा. माझेच हात माझं ऐकत नाहीत."

हे बाकावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मला त्या क्षणी कळलं की एवढी वर्षं मी दोरावर बसतच नव्हते. यांच्या मुठीवर बसत होते. दुसऱ्याच्या मुठीवर बसायला मला जमणार नव्हतं, आणि हे काही पुन्हा दोराला हात लावणार नव्हते. म्हणजे माझं चढणं संपलं. आणि यांच्या आयुष्यातून माझा दोर गेला तर उरणार काय, बस आणि बाक?

दुसऱ्या दिवशी बेकरीतून निघताना मी भट्टीचे जाड हातमोजे पिशवीत टाकले आणि गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. काउंटरवरच्या चष्मेवाल्या माणसाला सरळ सांगितलं, "माझ्या नवऱ्याचा अंगठा कामातून गेलाय. ते माझा दोर धरतात. लॉकच्या कड्या दाखवा." आणि हातमोजे चढवले. त्याने आधी मोज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसू दाबत काचेच्या कपाटातून ट्रे काढला.

पहिली आट्यांचीच होती, जाड नळीची. मोजे घालून तळहाताने घासली तर फिरायची, पण पूर्ण फिरली का अर्धी, हाताला काही कळेना. म्हणजे पुन्हा आमचंच दुखणं. दुसरीला दोन बाजूंना चुंबकाच्या कळा, दोन्ही एकदम चिमटीत दाबायच्या. ती लगेच बाजूला ठेवली. तिसरीची नळी स्प्रिंगची. थोडी पिळली की उघडायची, सोडली की आपली आपण बंद. मोज्यांतसुद्धा मस्त चालली.

"हीच द्या," मी म्हटलं.

"दोर धरायला नको," तो म्हणाला. "हलणारा दोर नळीवर घासला तर कधीतरी पिळली जाऊन उघडते. बाकीच्या कामांना चालेल. ही बघा."

चौथी. नळी आधी वर ढकलायची, मग पिळायची, मग दार आत दाबायचं. मोज्यांतून माझ्याच्याने उघडेना. दोनदा निसटून काउंटरवरून पळाली. "ही माझ्या वैऱ्याला द्या," मी म्हटलं आणि रागाने सोडून दिली. ती खट्‌कन बंद झाली. पूर्ण बंद, नळीसकट. मी पुन्हा झटापट करून कशीबशी उघडली आणि पुन्हा सोडली. खट्‌. बंद करायला बोट लागत नव्हतं, अंगठा लागत नव्हता, काहीच लागत नव्हतं. सगळी मारामारी उघडायची. आणि कडी उघडायची कधी? मी खाली जमिनीवर असतानाच! तेव्हा किती का वेळ लागेना, कुणाची बस चुकणार आहे?

मी तीच घेतली. नासपतीच्या आकाराची, रुंद तोंडाची. तिच्या अरुंद टोकाला आतून एक छोटी तार होती. कडी पट्ट्यात फिरून आडवी होऊ नये म्हणून ती तार, दुकानदार म्हणाला, कारण आडवी झालेल्या कडीची ताकद पार कमी होते. घरी येऊन मी स्वयंपाकघरात मोजे घालून घाम गाळला, तेव्हा युक्ती सापडली. कडी मुठीत घ्यायची, तळहाताच्या कडेने नळी वर सरकवायची आणि मनगट वळवायचं.

यांच्यापुढे ठेवली तर म्हणाले, "खेळणं आणलंस माझ्यासाठी."

"उघडून तर बघा."

"नको." हे उठून खिडकीपाशी गेले. "तू वर असतेस. खाली मी असतो, आणि माझा माझ्या हातावर भरवसा नाही. मला पुन्हा ती लाल पट्टी बघायची नाही."

"हिला लाल पट्टी नाहीच."

हसले नाहीत. मग मात्र माझा पारा चढला. "ठीक आहे. दुसऱ्याच्या दोरावर माझे हात सुटत नाहीत हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. मग मीही चढत नाही. दर रविवारी दोघं त्या बाकावर बसू, बेकरीतला शिळा केक खात, आणि दुसऱ्यांना चढताना बघू. चालेल?"

हे खिडकीपासून वळले. मग येऊन यांनी कडी उचलली. मुठीत कशी धरायची ते मी दाखवलं. आधी जमेना, चार शिव्या दिल्या, मग जमलं. आठवडाभर ती कडी यांच्या खिशात होती. डेपोत दोन फेऱ्यांच्या मधे बसून खट्‌ खट्‌ करायचे, कंडक्टर वैतागले होते म्हणे.

मास्तरणीने नवी कडी उलटीसुलटी करून पाहिली. "चांगली आहे. पण आपोआप बंद होते म्हणजे आपोआप तपासली जात नाही." मग माझ्याकडे वळली. "काकू, त्या दिवशी तुम्ही दाबून बघितली होती का?"

मी छताकडे बघायला लागले.

"मग एवढं ओरडलात कुणावर?"

सगळ्या शेडला ऐकू गेलं. हेडबाईंचा आवाजच तो. मी मान खाली घातली, आणि बाजूला उभ्या असलेल्या यांना पहिल्यांदाच जरा मोकळा श्वास घेताना ऐकलं.

यांची परीक्षा घेतल्याशिवाय ती परवानगी देणार नव्हती. वाळूचं पोतं माझ्या जागी दोराला बांधायचं ठरलं. तिने माझं वजन विचारलं, मी सांगितलं, तिने माझ्याकडे एकदा आपादमस्तक पाहिलं आणि वाळू आणखी ओतली. दाढीवाल्याला दोराचं मोकळं टोक धरून मागे उभं केलं, न जाणो, यांच्या हातून सुटलाच तर. पोतं वर नेलं, आणि यांना न सांगता वर चढलेल्या एका मुलीने ते सोडून दिलं. दोर सपकन ताठ झाला, हे दोन पावलं पुढे ओढले गेले, आणि पोतं हवेत लटकत राहिलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दाढीवाल्याला टोक आवळायची वेळच आली नाही. मिटलेली मूठ उघडली नाही.

"काकू, या," मास्तरीण म्हणाली.

मी गाठ बांधली. यांनी यंत्रात दोर घातला, कडी त्यात अडकवली आणि सोडली. मी विचारायच्या आधीच हे म्हणाले, "बंद."

मी बोट लावून दार दाबलं. दार आत गेलं.

यांच्या टी-शर्टची कड दारात अडकली होती. कपड्याचं एवढंसं टोक, पण त्याच्यामुळे दार पूर्ण मिटलं नव्हतं, आणि म्हणून नळीही वळली नव्हती. मी टोक ओढून काढलं. खट्‌. पुन्हा दाबलं. आता घट्ट.

यांचा हात पट्ट्याच्या बकलाकडे गेला. "बघितलंस? पुन्हा तेच. मी सांगत होतो तुला."

"तेच नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी मी दाबली नव्हती. आज दाबली."

"आणि उद्या विसरलीस तर?"

"तर तुम्ही मला चढू देऊ नका. ओरडा माझ्यावर. मी ओरडते तसं." यांचा हात मी बकलावरून बाजूला केला. "तुमची बोटं पूर्वीसारखी होणार नाहीत, मला माहीत आहे. मला ती पूर्वीसारखी नकोतच. मला खाली तुम्ही हवे आहात."

आजूबाजूला कोण ऐकतंय याची मी पर्वा केली नाही. मास्तरीण भिंतीकडे तोंड करून एक खडा घट्ट बसला आहे का ते बघत होती, जो चांगला घट्ट बसलेला होता.

हे वाकले, आणि माझ्या पोटाजवळची गाठ हातात घेतली. बोटांना कळत नव्हतं म्हणून अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. दोराचा एक पदर, त्याच्या बरोबरीने गेलेला दुसरा, प्रत्येक वळण, शेवटचं टोक. मग दाढीवाल्याकडे पाहिलं, तो मोकळं टोक धरून मागे उभा होता. मग माझ्याकडे.

"चढ," हे म्हणाले.

चढले. मधे एकदा पाय घसरला तेव्हा दोर तिथल्या तिथे ताठ झाला. छताला हात लावला. खाली काही विचारलं नाही. डोळे मिटले, आणि दोन्ही हात सोडले.

दोराने मला उचलून धरलं, आणि मग हळूहळू खाली आणलं. एकही धक्का नाही. पाय जमिनीला टेकले, माझी गाठ सोडायला मी हात घातला, तरी समोरून दोर ढिला होईना. बघितलं तर यांची मूठ तशीच आवळलेली. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलासुद्धा यांनी हात दोरावरून काढला नव्हता.

"सोडा आता," मी जवळ जाऊन म्हटलं. "आले मी खाली."

"थांब जरा," हे म्हणाले, आणि दोर धरून तसेच उभे राहिले.